चारचा चेंडू पाचावर

साल एकोणीसशे एकोणसत्तर, मी एकोणीस वर्षांचा. शाळा चौथीत सुटली होती. सुटली म्हणजे मीच सोडली. मास्तरांनी सगळ्यांदेखत कान पिळला, मी पाटी तिथंच ठेवून घरी आलो आणि ती पाटी आणायलासुद्धा परत गेलो नाही. असा मी तेव्हापासूनच. कामतघरात आमचं कौलारू घर, पुढं ओटा, मागं परस, आणि परसाच्या पलीकडं तळ्याच्या अंगाला उतरत गेलेली भाताची शेतं. आता त्या शेतांवर गोदामं उभी आहेत आणि ट्रक मागं घेताना जी शिटी वाजते ती मला दुपारी डोळा लागू देत नाही. तेव्हा नारपोलीकडून कापड विणायच्या लूमची खटखट यायची, पण ती लांबून, वाऱ्यावर, आणि शुक्रवारी लूम बंद असले की कान रिकामे वाटायचे. सकाळी आय चुलीवर तांदळाची भाकरी थापायची, तिच्या हाताचा तो थपथप आवाज ऐकून मी उठायचो. बाबा भरतीची वेळ बघून खाडीवर जायचे आणि टोपलीत जिवंत निवट्या घेऊन यायचे. निवटीचं कालवण, त्यात कच्ची कैरी. नातवाला सांगितलं तर तो विचारतो की ही मच्छी ऑनलाइन मिळते का.

नातू म्हणतो, आजोबा, आठवणी तुम्ही बोला, मी मोबाइलवर लिहितो. बाकीचं सगळं त्यानं लिहिलं तरी चालेल. हे प्रकरण मी माझ्या हातानंच लिहिणार, मग अक्षर कसं का येईना.

आमच्या घरात एक शब्द बंद होता. माझी थोरली बहीण हिरा, तिला मी बाय म्हणायचो, लग्न होऊन दीड वर्षात माघारी आली होती. नवऱ्यानं दुसरी केली. गावात अशा बाईला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. टाकलेली. त्या दिवसापासून आयनं हा शब्दच घरातून काढला. कालवणात मीठ 'घालायचं', कोंबड्यांना दाणे 'द्यायचे', अंगणात सडा 'मारायचा'. टाक म्हणून कुणी बोलायचं नाही. चुकून बाबांच्या तोंडून गेला तर ते ताटावरून उठून बाहेर जायचे. बाय स्वतः काही म्हणायची नाही. ती भांडी घासायची, शेण काढायची, आणि दुपारी ओट्याच्या कडेला बसून मच्छीचं जाळं विणायची.

त्या वर्षी पावसाळा सरल्यावर गावात एक अमेरिकन आला. सरकारच्या कुठल्या तरी योजनेत, कोंबड्या कशा पाळाव्यात हे शिकवायला. पोरसवदाच होता, तेवीस-चोवीसचा, केस मक्याच्या कणसासारखे. नाव डेव्हिड, गावानं देवीदास केलं. मराठी त्याला पुस्तकातून शिकवून पाठवलेलं, त्यामुळं तो आमच्या गड्यालाही 'आपण' म्हणायचा आणि कोंबडीला 'कृपया'. आय तर त्याला बोलता करायला मुद्दाम बोलवायची आणि पदराआड हसायची. त्याच्या पेटीतून पांढऱ्या कोंबड्यांच्या औषधांबरोबर एक चामड्याचा चेंडू निघाला, तोही अंड्यासारखा लांबट. बाबा म्हणाले, अंडी शिकवायला आलाय, चेंडू पण अंड्याचाच आणलाय.

त्यानं आम्हाला त्याच्या देशाचा फुटबॉल शिकवला. नावच फुटबॉल, पायाचं काम जवळजवळ नाहीच. सहा माणसं इकडं, सहा तिकडं, समोरासमोर वाकून उभी. आपल्यातला एकजण चेंडू मागं देतो, तो मी घ्यायचा, आणि समोरच्यांना भेदून पलीकडच्या शेवटच्या रेघेपर्यंत न्यायचा. चार डावांत दहा पावलं पुढं सरकलं तर पुन्हा चार डाव, नाही सरकलं तर चेंडू त्यांचा. भात कापल्यावर शेत मोकळं होतं, त्यातच आखणी केली. खुंट पायाला टोचायचे. पण खेळ मला लगेच कळला, कारण माझ्या स्वभावाचाच होता. चेंडू काखेत, मान खाली, आणि घुसायचं. पुढं आमचे दोन दांडगे चुलतभाऊ वाट काढायला, मागं मी. गावातल्या गावात मला कुणी अडवू शकलं नाही. देवीदासनं माझं नाव 'बैल' ठेवलं, तेवढा एक शब्द त्यानं पुस्तकाबाहेर शिकला असावा.

मग नारपोलीचे लूमवाले बघायला आले. शुक्रवारी त्यांना सुट्टी. दोन शुक्रवार बांधावर बसून बघितलं, तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी आपले सहाजण उभे केले. त्यांचा म्होरक्या शकूर, उत्तरेकडचा, आखाड्यात घुमलेला माणूस, मान आणि खांदा एकच. त्यानं एवढंच बघून ठेवलं होतं की ही कामतघरची पोरं काशाला, म्हणजे मला, चेंडू देतात आणि काशा सरळ घुसतो. त्यानं साही माणसं माझ्यासमोर आणून उभी केली. मी घुसलो, आपटलो. परत घुसलो, परत आपटलो. शेवटी शकूर हसत म्हणाला, "अरे भाई, दरवाजा बंद है, कितनी बार खटखटाओगे?" सगळं शेत हसलं. माझ्या कानाला त्या दिवशी पुन्हा मास्तरांचा हात लागल्यासारखं झालं.

देवीदासनं ओट्यावर कोळशानं रेघा ओढून समजावलं की आता फेकावं लागेल. डावात एकदा चेंडू पुढं फेकता येतो, आपल्यातल्या एकानं तो झेलायचा. भुईला लागला तर डाव वाया. सगळे माझ्या समोर दाटले तर मागं मैदान रिकामं, तिथं एक माणूस पळवायचा आणि चेंडू त्याच्याकडं पाठवायचा. मला ते पटलं नाही. हातात आलेली वस्तू फेकतो तो भित्रा, असं मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "आपण भित्रे नाही. आपण हट्टी आहात." बाय जाळं विणता विणता हसली. मग महिनाभर आम्ही फेकलं. एकच चेंडू, तो फाटू नये म्हणून सरावाला असोला नारळ घ्यायचो, सालासकट सुकलेला, आकार तसाच. बाय शेतातून ते गोळा करून आणून द्यायची. पण जमेना. आमचा माणूस पळायचा, थांबायचा, वळून हात पसरायचा, मग मी फेकायचो, आणि नारळाच्या आधी समोरचा गडी त्याच्यावर पोचायचा. देवीदास मैदानभर ओरडायचा, "टाका! आता टाका!" आणि घरात तो शब्द बंद असल्यामुळं माझी नजर पहिल्यांदा बांधावर बसलेल्या बायकडं जायची. तेवढ्यात उशीर व्हायचा. हे मी कधी त्याला सांगितलं नाही. बायलाही नाही.

वाट सापडली ती वीटभट्टीवर. गिरणीतला भाताचा तूस आम्ही बैलगाडीनं भट्टीला पोचवायचो, जाळायला. तिथं दिवाळीनंतर डोंगराकडची कातकरी कुटुंबं येऊन झोपड्या घालून राहायची. मी गाडी सोडून उभा होतो. भट्टी रचण्याचं काम चाललं होतं. खालचा माणूस दोन-दोन विटा वर फेकत होता आणि वरचा झेलून मागच्याला देत होता. वरच्याची पाठ अर्धा वेळ खालच्याकडं. तो मागं विटा देऊन वळायचा आणि वळतावळता विटा त्याच्या हातात असायच्या. खालचा त्या माणसाकडं बघतच नव्हता. तो हवेतल्या एका रिकाम्या जागेकडं बघून फेकत होता, हात तिथं नंतर यायचे. दोघं मिळून मोजत होते, लाभ, दोन, तीन, चार. आमच्याकडं भात मापताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. तीच मोजणी त्यांनी आमच्या खळ्यावरून उचललेली. तीनला विटा सुटायच्या, चारला हातात. वरचा होता तो लहानू. आमच्या खळ्यावर दोन वर्षं झोडणीला आलेला, बारीक, काळाशार, हात गुडघ्यापर्यंत लांब.

मी गाडी तशीच सोडून पळत जाऊन देवीदासला आणलं. त्यानं बघितलं आणि तिथंच खाली बसला. म्हणाला, हे मला माझ्या गुरुजींनी चार वर्षं शिकवलं आणि मला तरी आलं नाही.

लहानू आमच्यात आला. वयानं माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठाच असेल, तरी तो मला काशादादा म्हणायचा आणि मी त्याला ए लहान्या. त्याच्यासाठी आमच्या घरी वळचणीला एक दांडी तुटलेला कप अडकवलेला असायचा. त्यात चहा प्यायचा, तोच धुवून परत अडकवायचा. तेव्हा त्यात कुणाला काही वाटत नसे. मला तर नाहीच. मैदानावर मात्र तो उडायचा. चेंडू माझ्या हातात आला की मी मोठ्यानं म्हणायचो, लाभ, आणि तो पाठ करून सुटायचा. दोन. तीनला मी रिकाम्या जागेत फेकायचो. चारला तो मागं न बघता वळायचा आणि चेंडू त्याच्या पोटाशी. समोरचा गडी त्याच्यापाशी पोचेपर्यंत तो पुन्हा पळायला लागलेला. त्याचा सगळा भरवसा त्या मोजणीवर. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. चारला चेंडू आला तर त्याला कुणी शिवत नाही. चारला आला नाही, तर तो हात वर करून, छाती उघडी टाकून, जागच्या जागी उभा.

पुढच्या शुक्रवारी आम्ही नारपोलीला धूळ चारली. शकूरची माणसं माझ्यासमोर दाटायची आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून जायचा. मग ती मागं पांगली, तर मी घुसायचो. देवीदास नाचला. मी मनात म्हणायचो, हे सगळं मी शोधलं, भट्टीवर मी बघितलं, मोजणी मी लावली. ते खरंही आहे, आजही म्हणेन. पण बांधावरचे लोक नाव घ्यायचे लहानूचं. लूमवाले पोरगे सुद्धा त्याला 'पतंग' म्हणायला लागले. धामणकर नाक्यावर चहाच्या टपरीवर मी उभा असताना एकानं मला विचारलं, तो उडणारा तुमच्याच गावचा ना? मी हो म्हटलं आणि चहा तसाच ठेवून निघालो.

मग नारपोलीशी मोठा सामना ठरला. त्याच्या आदल्या दिवशी बाबांनी लहानूला जेवायला बोलवलं. अंगणात नव्हे, ओट्यावर. आयनं त्याला पितळी दिली, आमच्यातली. निवटीचं कालवण, वर मोठी निवटी. तो लाजून अर्ध्या मांडीवर बसलेला, कप वळचणीलाच राहिला. बाबांनी माझं तोंडावर कधी कौतुक केलं नव्हतं, मार खाऊन नांगर धरायला शिकलेला मी. त्या दिवशी ते सगळ्यांदेखत म्हणाले, "खेल लहानूचा हाय. आमचा काशा निस्ता फेकतंय." लोक हसले, बाबाही हसले, त्यांच्या मनात काही नव्हतं. लहानू हसला नाही. तो घाईघाईनं म्हणाला, दादानं फेकलं न्हाय तर मी झेलू काय? त्यानं माझी बाजू घेतली याचा मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. लूम बंद, नारपोलीची माणसं बांधाबांधावर, आमचं सगळं गाव, बायका एका अंगाला, त्यात बाय. बरोबरीत चाललं होतं. दुपार कलली तेव्हा आमचे शेवटचे डाव. मी दोनदा घुसून थोडी पावलं काढली. बांधावरून आवाज सुरू झाला, लहानूला दे, लहानूला दे. बाबांचाही आवाज त्यात होता, मी तो ओळखला. चेंडू माझ्या हातात आला. मी म्हणालो लाभ. लहानू सुटला. दोन. तीन. आणि मी फेकला नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला पुष्कळ सांगितलं. हाताला घाम होता. खुंटावर पाय सरकला. ऊन डोळ्यावर होतं. काही नव्हतं. ऊन तर पाठीवर होतं. हात थांबला नाही, मी थांबवला. मला त्याचं हाड मोडायचं नव्हतं, हे मी आजही देवापुढं म्हणेन. मला फक्त सगळ्यांदेखत त्याच्या हातून चेंडू सुटलेला बघायचा होता. एकदाच. चारला तो वळला, हात वर, आणि चेंडू माझ्याच हातात. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग पाचला मी फेकला, जरा उंच. शकूर तिकडून पळत येत होता, त्याला काय माहीत की हा माणूस इतका वेळ उभा राहील. तो येऊन आदळला. आवाज बांधापर्यंत गेला.

चेंडू सुटला नव्हता. लहानू खाली पडला तेव्हा चेंडू त्याच्या पोटाखाली, दोन्ही हातांत. उजव्या खांद्याचं हासळीचं हाड मोडून वर आलं होतं, तरी. पावलं भरली, आम्हाला आणखी डाव मिळाले, आणि पुढच्याच डावाला मी घुसून शेवटची रेघ ओलांडली. आम्ही जिंकलो. मला खांद्यावर घेतलं. बाबा म्हणाले, आज काशानं गाव राखलं. ज्या बोलण्यासाठी एवढं केलं ते बोलणं मिळालं, आणि ते ऐकताना मी बघत होतो आमच्याच गाडीकडं, तुसाच्या पोत्यांवर लहानूला निजवून नेत होते. शकूर गाडीबरोबर चालत होता आणि भेटेल त्याला सांगत होता, "वो खड़ा रह गया भाई, मैं क्या करता." कुणी विचारलं नाही की तो का उभा राहिला.

लहानूचा तो हात पुढं कधी खांद्याच्या वर गेला नाही. हाडवैद्यानं बांधलं, पण हाड तिरकं जुळलं. भट्टी रचणाऱ्याला वर जाणारा हातच लागतो. पुढच्या वर्षी तो आला तो चिखल तुडवायला, त्याच्या पुढच्या वर्षी आलाच नाही. खूप वर्षांनी एकदा मी त्याला नाक्यावर बघितलं, शेअर रिक्षाच्या रांगेत, डाव्या हातानं चहाचा ग्लास धरलेला. मी रस्ता ओलांडून गेलो नाही. गर्दी होती असं मी घरी सांगितलं. देवीदास त्याची मुदत संपल्यावर गेला, चेंडू मलाच देऊन गेला. अजून माळ्यावर आहे, आतली हवा गेली, चामडं चिंचेसारखं सुरकुतलंय. नातवानं मध्यंतरी तो काढला आणि मला मोबाइलवर त्या देशाचे सामने दाखवले. डोक्यावर टोपडी घातलेली माणसं, फेकणारा फेकतो, झेलणारा न बघता वळतो. मी मोजत होतो. नातू म्हणाला, आजोबा, तुमचे ओठ का हलतात?

सामना जिंकला त्या संध्याकाळी घरात गोडाचं जेवण होतं. मी जेवलो नाही. परसात गेलो तर बाय राखेनं भांडी घासत होती. आदल्या दिवशी लहानू जेवला होता ती पितळी तिनं वेगळी ठेवली नव्हती, आमच्यातच घासत होती. तिनं मान वर केली नाही.

"मी पन मोजत व्हते," ती म्हणाली.

मी म्हटलं, काय मोजत होतीस.

"चार झाले तवा चेंडू तुझ्याच हातान व्हता."

तिनं पितळीवर पाणी ओतलं, पालथी केली, आणि मग जो शब्द तिनं माघारी आल्यापासून तोंडातून काढला नव्हता तो काढला. आवाज चढवला नाही.

"तू चेंडू न्हाय टाकलास, काशा. तू त्याला टाकलास. कसं दिसतंय ते मना म्हाईत हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आयचं भाकरी थापणं सुरू व्हायच्या आधी मी उठलो आणि भट्टीवर गेलो. सांगायला गेलो होतो. वाटेत वाक्यसुद्धा जुळवलं होतं. झोपडीच्या दारात लहानू खांबाला टेकून बसलेला, खांदा कामट्या लावून फडक्यानं बांधलेला, रात्रभर जागा असावा. त्याच्या बायकोनं मला बसायला गोणपाट दिलं आणि घरातला एकुलता काचेचा ग्लास आतून विसळून आणून त्यात कोरा चहा दिला. मी तो हातात धरला. वाक्य तोंडाशी आणलं. तेवढ्यात तोच म्हणाला, मान खाली घालून, "काशादादा, माफ कर. मीच लवकर वळलो. माझीच मोजनी चुकली."

आणि मी म्हणालो, "असू दे. होतं असं."

माझ्या अपराधाची मी त्याला माफी दिली. त्यानं ती घेतली, त्याचा चेहरा जरा सैल झाला. मग मला तिथं बसवेना. पलीकडं भट्टीचं काम सुरू झालं होतं आणि वरची एक जागा रिकामी होती. मी ग्लास खाली ठेवला, धोतर खोचलं आणि भट्टीवर चढून त्या जागेवर उभा राहिलो. खालची माणसं थांबली. शेतकऱ्याचं पोर विटा झेलणार, एक बाई हसली, दुसरीनं तिला गप्प केलं. खालच्या म्हाताऱ्यानं विटा उचलल्या पण फेकेना, मला जमेल की नाही ते त्याला कळेना. तेव्हा झोपडीच्या दारातून लहानूचा आवाज आला. मी चुकू नये म्हणून तो माझ्यासाठी मोजत होता. लाभ. दोन. मी पाठ वळवली. तीन. तो चार म्हणाला तेव्हा मी वळलो, आणि विटा माझ्या हातात होत्या.